निहाली : सातपुड्याच्या पायथ्याची एकटी भाषा

मुळशी तालुक्यात घोटवड्याच्या पुढे रिहे नावाचे गाव आहे. तिथल्या शाळेतील कोणत्याही विद्यार्थ्याला पाचापर्यंत आकडे म्हणायला सांगा. 'एक, दोन, तीन, चार, पाच' असे तो एका दमात म्हणून मोकळा होईल. त्यात विशेष ते काय, असे तुम्ही म्हणाल.

आता आपण याच महाराष्ट्रात, रिह्यापासून चारशेहून अधिक किलोमीटर दूर ईशान्येला जाऊ. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद हा तालुका आहे. (हे जळगाव वेगळे आणि खानदेशातले केळ्यांचे जळगाव वेगळे.) उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा, अंबाबरवा, वसाली अशी गावे आहेत. तिथल्या कोरकू मुलाला आकडे म्हणायला सांगितले तर तो म्हणेल, 'मिया, बारी, आपाय, उपून, मोनोय.' आणि त्याच शिवारात एखादे निहालांचे घर गाठून तिथल्या आजोबांना तीच विनंती केली तर ते म्हणतील, 'बिडुम, इरार, मोथो, नालो, पांचो.'

हे पाच शब्द पुन्हा एकदा सावकाश वाचा. या पाच शब्दांत एका भाषेचा सारा इतिहास दडलेला आहे.

शेवटचा 'पांचो' आपल्या ओळखीचा आहे. मराठीतला पाच, हिंदीतला पाँच, संस्कृतातला पञ्च ही सगळी त्याचीच भावंडे. आता मधले तीन घ्या. सोलापूर-सांगलीकडच्या ज्या वाचकांना थोडेफार कानडी येते ते एव्हाना हसू लागले असतील. कानडीत दोन-तीन-चार म्हणजे एरडु, मूरु, नाल्कु. तमिळमध्ये इरण्डु, मून्रु, नालु. इरार, मोथो, नालो यांचा तोंडवळा त्यांच्याशी स्पष्ट जुळतो. म्हणजे दोन ते चार हे आकडे दक्षिणेकडच्या द्राविडी घराण्यातले आणि पाच हा आपल्या आर्य घराण्यातला. मग राहिला पहिला, 'बिडुम'. तो मराठीशी जुळत नाही, कानडीशी जुळत नाही, कोरकूतल्या 'मिया'शीही जुळत नाही. तो कोणत्या घराण्यातला?

या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर आजपर्यंत कोणालाही देता आलेले नाही. आणि प्रश्न एका शब्दाचा नाही. निहालीत असे शेकड्यावर शब्द आहेत.

भाषांचे घराणे कसे ओळखतात?

इथे थोडे थांबून भाषाशास्त्रज्ञ काय करतात ते पाहू. दोन माणसे एकमेकांचे नातलग आहेत की नाहीत हे त्यांच्या अंगावरच्या कपड्यांवरून आपण ठरवत नाही. कपडे बाजारातून विकत आणता येतात. नाकाची ठेवण मात्र घरातूनच येते. भाषेतही असेच दोन प्रकारचे शब्द असतात.

मराठीचेच उदाहरण घ्या. चावी, बटाटा, साबण, पगार, अननस हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. अर्ज, जमीन, दुकान, हवा हे फारसी-अरबीतून आले. पेन्सिल, बस, स्टेशन इंग्रजीतून आले. तरीही मराठी ही पोर्तुगीज किंवा फारसी कुळातली आहे, असे कोणी म्हणणार नाही. का? कारण नवी वस्तू आली, नवे राज्य आले, नवा व्यापार आला की त्याबरोबर नवे शब्द येतात. ते कपड्यांसारखे आहेत. पण मी, तू, हात, कान, पाणी, विस्तव, रक्त, मरणे, येणे हे शब्द कोणी बाहेरून आणत नाही. पोर्तुगीज यायच्या आधीही आपल्याला तहान लागत होतीच आणि ती भागवायला शब्दही होता. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वॉडेश यांनी १९५० च्या सुमारास अशा रोजच्या, मुळातल्या शब्दांच्या याद्या तयार केल्या. पुढे त्यातली शंभर शब्दांची यादी जगभर वापरली जाऊ लागली.

अशा यादीतला 'डोळा' हा शब्द घेऊ. कोरकूत डोळ्याला 'मेड' म्हणतात. झारखंडकडच्या संथाळीत तोच शब्द 'मेत' असा आहे, आणि पार व्हिएतनाममध्ये 'मात'. कोरकू, संथाळी, मुंडारी या मुंडा गटातल्या भाषा आणि कंबोडिया-व्हिएतनाममधल्या भाषा यांचे मिळून एक मोठे ऑस्ट्रोआशियाई घराणे आहे, हे असे एकेक शब्द जुळवून आणि त्यांतल्या उच्चारांचे नियम शोधूनच कळले. मेळघाटातला कोरकू माणूस आणि व्हिएतनाममधला शेतकरी यांचे दूरचे भाषिक नाते असावे, ही मला तरी नेहमी मोठी नवलाची गोष्ट वाटते.

द्राविडी घराण्यात डोळा म्हणजे तमिळ 'कण', कानडी 'कण्णु', गोंडी 'कन'. आर्य घराण्यात संस्कृत 'अक्षि', त्यापासून हिंदी 'आँख'. (मराठीचा 'डोळा' मात्र अक्षीपासून आलेला नाही. एका शब्दावर कधीही निकाल देऊ नये, याचे उदाहरण आपल्याच चेहऱ्यावर आहे! म्हणून तर शंभर शब्द घ्यायचे.)

निहालीत डोळ्याला म्हणतात 'जिकी'. मेड नाही, कण नाही, आँखही नाही.

पुढे चला. पाणी : कोरकूत 'डा', कानडीत 'नीरु', निहालीत 'जोप्पो'. विस्तव : कोरकूत 'सिंगेल', गोंडीत 'किस', निहालीत 'आपो'. रक्त : कोरकूत 'मायुम', निहालीत 'चोर्टो'. अंडे : निहालीत 'कालेन'. शेजाऱ्यांच्या शब्दांशी यांतला एकही शब्द मेळ खात नाही. जी भाषा शेजाऱ्यांकडून दोन, तीन, चार आणि पाचसुद्धा उसने घेते, ती पाणी, विस्तव, रक्त आणि डोळा मात्र स्वतःचे राखून आहे.

शंभर वर्षांचा शोध

निहालीची शास्त्रीय नोंद प्रथम झाली ती ग्रिअर्सन यांच्या प्रसिद्ध भाषिक सर्वेक्षणात. मुंडा आणि द्राविडी भाषांचा चौथा खंड १९०६ साली निघाला. तो स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने तयार केला होता. निमाडातून आलेले थोडेसे नमुने त्यांच्यापुढे होते. त्यांत कोरकू शब्द भरपूर दिसले. म्हणून त्यांनी अनुमान केले की ही मूळची कोरकूसारखी मुंडा भाषा असावी, तिच्यावर आधी द्राविडीचा आणि मग आर्य भाषांचा थर चढला असावा. पुढे १९४० साली रॉबर्ट शेफर या अमेरिकन अभ्यासकाने तेच नमुने तपासून वेगळी शंका काढली : कोरकू शब्द हेच उसने असतील तर? ते बाजूला काढले की खाली जे उरते ते कोणत्याच घराण्याचे नाही!

शंका चांगली होती, पण नमुने अपुरे होते. ते काम भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण संस्थेचे सुधिभूषण भट्टाचार्य यांनी केले. त्यांनी प्रत्यक्ष जाऊन शब्द टिपले आणि १९५७ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या साहित्याच्या आधारे हॉलंडमधील कायपर या संस्कृतपंडिताने १९६२ साली एक छोटेसे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी निहालीचा एकेक शब्द घेऊन त्याचे घर शोधले. हिशेब असा निघाला : शंभरांतले सुमारे ३६ शब्द कोरकू, सुमारे ९ द्राविडी, सुमारे २४ शब्दांना कुठेच घर नाही, आणि उरलेले बहुतेक मराठी-हिंदीसारख्या शेजारच्या आर्य भाषांतले.

म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश भाषा उसनी! जगात उसनवारीसाठी नाव निघते ते अल्बानियन भाषेचे, पण निहाली त्यातही पुढे आहे. पण लक्षात घ्या, कायपर यांनी जी गोष्ट दाखवली ती उसनवारी किती हे मोजून थांबत नाही. जे २४ शब्द उरले ते कोणते, हे महत्त्वाचे. त्यांत डोळा आहे, पाणी आहे, विस्तव आहे, रक्त आहे. घराची तीन मजली इमारत पुन्हा बांधली तरी पायाचे दगड तेच राहावेत, तसा हा प्रकार आहे.

चोरभाषा की खरी भाषा?

याच कायपर यांनी १९६६ साली स्वतःच्याच कामावर एक शंका घेतली. त्यांचे म्हणणे असे : निहाल लोक फार काळ दुसऱ्यांच्या दाबाखाली राहिले आहेत. आपले बोलणे मालकाला कळू नये म्हणून त्यांनी मुद्दाम काही शब्द बनवले असतील. भारतात अनेक जमातींच्या अशा गुप्त बोली आहेत. मग हे बेघर शब्द म्हणजे एखाद्या लुप्त घराण्याचे अवशेष नसून गुप्त बोलीचे बनावट शब्द कशावरून नसतील?

शास्त्रात असे प्रश्न विचारलेच पाहिजेत. आपण तो तपासून पाहू. तुमच्यापैकी अनेकांना 'च'ची भाषा येत असेल. 'मला पाणी दे' हे मोठ्यांना कळू नये म्हणून 'चम चला चपा चणी चदे' असे म्हणायचे. आता यात बदलले काय? शब्दांचा आवाज बदलला. पण 'मला'मधला 'ला' जागच्या जागी आहे, शब्दांचा क्रम तोच आहे, क्रियापद शेवटीच आहे. 'च' काढून टाकला की खाली चोख मराठी निघते. गुप्त बोली ही नेहमी अशी कुठल्या तरी भाषेच्या पाठीवर बसलेली असते. तिचे शब्द निराळे असतात, पण व्याकरण तिच्या वाहनाचे असते.

निहालीचे तसे नाही. तिची स्वतःची सर्वनामे आहेत. 'मी'ला ती 'जो' म्हणते. (आपल्या 'जो-तो'तल्या 'जो'शी त्याचा काही संबंध नाही.) क्रियापदांचे काळ दाखवणारे सगळेच प्रत्यय कोरकूतून आणता येत नाहीत. शिवाय मुलाला पहिल्या दिवसापासून आईने डोळा, पाणी, विस्तव हे शब्द चोरून ठेवायच्या भाषेत शिकवावेत, हे जरा अवघडच वाटते. मात्र कायपर यांच्या शंकेत एक खरा भाग आहे. कोरकूंना आपले बोलणे कळू नये म्हणून निहाल आपल्या भाषेचा उपयोग करतात, हे अभ्यासकांनी पाहिलेले आहे. भाषा खरी आहे, तिचा एक उपयोग गुपित राखण्याचा आहे. आणि कदाचित तेवढ्या एका उपयोगामुळेच ती अजून टिकली असेल!

एवढी उसनवारी झाली कशी?

शब्द आपोआप येत नाहीत, माणसांच्या व्यवहारातून येतात. म्हणून आता थोडे इतिहासाकडे वळू.

निहाल किंवा नहाल हे सातपुड्यातले जंगलात राहणारे लोक. जुन्या कागदपत्रांत 'नहाल, भिल्ल, कोळी' अशी जोडी डोंगरातल्या लुटारूंसाठी सर्रास येते. लिहिणारे लोक मैदानातले होते, तेव्हा डोंगरातल्या माणसांना ते लुटारूच म्हणणार; डोंगरातल्यांनी लिहिले असते तर शब्द निराळे आले असते. एकोणिसाव्या शतकात निमाडचा जमीन महसूल ठरवणारा इंग्रज अधिकारी कॅप्टन फॉरसिथ याने एक नोंद केली आहे. जीतगड-मोहकोट येथील राजाच्या वंशावळीत असे लिहिले होते की, अकबराच्या काळात त्या घराण्याच्या पूर्वजाने नहालांच्या एका टोळीची दग्याने कत्तल केली आणि त्याचे बक्षीस म्हणून त्याला जीतगड जहागीर मिळाले. वंशावळीत पूर्वजांचे पराक्रम फुगवून सांगतात, हे खरे. पण दगा केला असे स्वतःच्याच वंशावळीत कोणी उगाच लिहीत नाही.

अशा रीतीने मोडलेल्या लोकांना पुढे दुसऱ्यांच्या आश्रयाला जावे लागले. निहाल पिढ्यान्पिढ्या कोरकूंच्या शेतावर राबत आले. कोरकू स्वतः श्रीमंत नव्हेत, पण गावच्या उतरंडीत निहालांचे स्थान त्यांच्याही खाली. आता भाषेचे काय होते पाहा. गड्याला मालकाची भाषा यावीच लागते. मालकाला गड्याची भाषा शिकण्याची गरज नसते. म्हणून प्रत्येक निहालाला कोरकू येई, कोरकूला निहाली येत नसे. बाजारात गेले की मराठी, सातपुड्यापलीकडे गेले की हिंदी-निमाडी. दोन भाषा ज्याच्या तोंडात आहेत त्याच्या बोलण्यात मोठ्या भाषेचे शब्द छोट्या भाषेत उतरतात. उलट प्रवाह फारसा वाहत नाही. पाणी उतारानेच जाते. आज केवळ निहाली जाणणारा, दुसरी भाषा न येणारा माणूस सापडत नाही.

द्राविडी आकड्यांचे कोडे मात्र अजून उरते. शेजारच्या गोंडीत दोन-तीन-चार म्हणजे रंड, मुंड, नालुंग. निहालीचे इरार, मोथो हे त्यांची सरळ नक्कल दिसत नाहीत. तेव्हा निहालांचा शेजार कधी काळी दुसऱ्याच कुठल्या द्राविडी भाषेशी होता की काय, असे वाटते. ज्यांना पुढे भाषाशास्त्र शिकायचे असेल त्यांनी हे कोडे मनात ठेवावे.

पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला

अशीच गोष्ट अमेरिकेत घडली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कोलोरॅडो नदीच्या खालच्या भागात हाल्चिधोमा नावाचे छोटे लोक राहत. नदीचा पूर ओसरला की गाळात मका, घेवडा, भोपळे पेरायचे, मासे मारायचे असे त्यांचे जीवन. १७७६ साली फ्रान्सिस्को गार्सेस हा स्पॅनिश पाद्री त्यांच्यात येऊन गेला. पण नदीच्या वरच्या अंगाला मोहावे आणि खालच्या अंगाला क्वेचान हे बलवान शेजारी होते. त्यांच्या हल्ल्यांनी १८३० च्या सुमारास हाल्चिधोमांना नदी सोडावी लागली. शेवटी ते हिला नदीकाठच्या मारिकोपा लोकांच्या आश्रयाला गेले. आज त्यांचे वंशज ॲरिझोनात मारिकोपांबरोबर राहतात आणि बाहेरचे जग त्यांना मारिकोपा याच नावाने ओळखते.

मात्र एक मोठा फरक आहे. हाल्चिधोमा आणि मारिकोपा या दोन्ही भाषा एकाच यूमन घराण्यातल्या, अगदी जवळच्या बहिणी होत्या. वऱ्हाडी बोलणारे कुटुंब पुण्यात येऊन राहिले तर दोन पिढ्यांत जसे होईल तसे झाले. एक बोली दुसरीत मिसळून गेली आणि सांधा दिसेनासा झाला. निहाली आणि कोरकू यांचे रक्ताचे नातेच नसल्यामुळे निहालीत कितीही कोरकू शब्द शिरले तरी सांधा दिसत राहिला.

आपल्याकडेही नाव हरवण्याचा प्रकार मात्र घडलाच. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत एक नोंद आहे : 'कोरकू, बोपची, मवासी, निहाल, नहुल, बोंधी, बोंडेया.' ही सगळी नावे एकाच क्रमांकाखाली येतात. म्हणजे सरकारी मोजणीत निहालांचा आकडा कोरकूंच्या आकड्यात मिसळतो. भाषेच्या बाबतीतही तसेच. १९७१ पासून जनगणनेच्या भाषावार तक्त्यांत दहा हजारांपेक्षा कमी भाषिक असलेल्या भाषा स्वतंत्र छापल्या जात नाहीत. कोरकू बोलणारे २०११ साली सात लाखांच्या वर होते, तेव्हा ती भाषा तक्त्यात आहे. निहाली बोलणारे अभ्यासकांच्या अंदाजाने दोन ते अडीच हजार, तेव्हा ती 'इतर' या रकान्यात जाते. त्यातून 'नहाली' याच नावाने निमाडात एक आर्य बोलीही ओळखली जाते. तिथल्या नहालांनी जुनी भाषा केव्हाच सोडली, नाव तेवढे उरले. निहालीवर काही वाचताना हा घोळ ध्यानात ठेवावा लागतो.

एकट्या भाषा

ज्या भाषेला जगात एकही नातलग सापडत नाही तिला एकटी भाषा म्हणता येईल. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरची बास्क ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. काश्मीरच्या वायव्येस गिलगिटच्या पलीकडे हुंझा-नगरच्या खोऱ्यांतली बुरुशास्की ही दुसरी. नेपाळातली कुसुंडा तिसरी. ती बोलणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. जपानच्या उत्तरेची ऐनू चौथी. भारतातल्या अशा भाषांत नाव घेतले जाते ते निहालीचे.

इथे एक इशारा देतो. 'निहाली ही भारतातली सर्वांत जुनी भाषा' असे वाक्य कुठे वाचलेत तर त्यावर विश्वास ठेवू नका. बोलली जाणारी प्रत्येक भाषा ही तिच्या आधीच्या पिढीच्या भाषेतून आली आहे. त्या अर्थाने मराठी, निहाली, व्हिएतनामी सगळ्या सारख्याच जुन्या. एकटी भाषा म्हणजे जिच्या बहिणी मेल्या आणि तीच उरली. तिचे महत्त्व त्यातच आहे. आर्य, द्राविडी, मुंडा या भाषा आजच्या जागी पसरण्याच्या आधी मध्य भारतात कोण काय बोलत होते, याचा शिलालेख नाही, ताम्रपट नाही. भांडी सापडली तरी भांडी बोलत नाहीत. जोप्पो, आपो, जिकी, चोर्टो हे शब्द म्हणजे त्या काळाकडे उघडणारी एक बारीकशी फट असण्याचा संभव आहे.

आणि ती फट बंद होत चालली आहे. निहाल मुलाच्या शाळेतले पुस्तक मराठीत आहे, खेळगडी कोरकू आहेत, मोबाइलवरची गाणी हिंदी आहेत. एखादा निहाली शब्द आजोबांना आठवतो, वडिलांना ऐकून माहीत असतो, मुलगा त्याच्याऐवजी कोरकू किंवा मराठी शब्द वापरतो. कायपर यांच्या शंभरातल्या २४ शब्दांना अशी गळती लागते. शिवाय नात्याचा पुरावा देणारा नेमका शब्द आधी गळतो की नंतर, हे आपल्या हाती नसते. कोठे तरी निहालीची एखादी दूरची बहीण उद्या ओळखू आली, तरी जुळवायला शब्दच उरले नाहीत तर काय जुळवणार?

सुदैवाने काही जणांनी हे काम वेळेवर हाती घेतले. आशा मुंडले यांनी निहालांत जाऊन जमवलेला शब्दसंग्रह १९९६ साली प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले भाषाशास्त्रज्ञ के. एस. नागराज यांनी आधी कोरकूचे व्याकरण लिहिले आणि मग निहालीचे. निहालीचे व्याकरण, गोष्टी आणि शब्दसंग्रह असे त्यांचे पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने २०१४ साली काढले. कोरकू आधी आणि निहाली मागून हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. उसने कोणते हे ओळखायचे तर सावकाराची वही आधी वाचायला हवी!

तुम्हाला काय करता येईल?

जामोदला जाणे सगळ्यांना जमणार नाही. पण रिह्याच्या विद्यार्थ्यांना जामोदला जायची गरजही नाही. मुळशी तालुक्यात कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैराच्या लाकडाचे तुकडे उकळून काथ काढणारे ते काथोडी किंवा कातकरी. जंगले सरकारी झाली आणि तो धंदा गेला. आज त्यांतले कितीतरी लोक मोलमजुरीसाठी आणि वीटभट्ट्यांवर कामासाठी घर सोडून जातात. त्यांची स्वतःची बोली आहे. ती निहालीसारखी एकटी नाही, मराठीच्याच आर्य घराण्यातली आहे. पण तिथेही उतार तसाच आहे. कातकऱ्याला मराठी येते, मराठी माणसाला कातकरी येत नाही. तुमच्या वर्गात एखादा कातकरी विद्यार्थी असेल तर घरी तो डोळ्याला, विस्तवाला काय म्हणतो हे तुम्ही त्याला कधी विचारले आहे का?

विचारायचे असेल तर या कामाची रीत अशी. एका वहीत शंभर साधे शब्द लिहून काढा : शरीराचे अवयव, नातलग, पाणी, विस्तव, दगड, झाड, प्राणी, एक ते दहा, मी-तू-तो, येणे, जाणे, खाणे, झोपणे, मरणे. वस्तीतल्या वडीलधाऱ्या माणसाला, त्यांतही आजीला, त्यांच्या सवडीने विचारा. कामाच्या वेळी जाऊ नका. आधी परवानगी घ्या आणि कशासाठी विचारता ते सांगा. जो वर्गमित्र ती बोली बोलतो त्याला प्रमुख करा. या विषयातला शिक्षक तो आहे. सुटा शब्द विचारण्यापेक्षा 'पाणी आण', 'पाणी नाही', 'उद्या पाणी येईल' अशी वाक्ये विचारा, म्हणजे प्रत्यय हाती येतात. ऐकलेला शब्द मराठी वळणावर दुरुस्त करू नका, जसा कानावर पडला तसाच लिहा. दोन माणसांनी दोन शब्द सांगितले तर दोन्ही लिहा. पुष्कळदा त्यांतला एक जुना आणि एक उसना असतो. प्रत्येक शब्दापुढे सांगणाऱ्याचे वय आणि तारीख टाका, सांगणाऱ्याची हरकत नसेल तर नावही. शब्द पुरे झाले की वहीची एक नक्कल वस्तीत देऊन या.